आत की बाहेर

उद्धव आणि जब्बार दुधनेपलीकडं गेले
ही बातमी दुकानात हवा भरताना आली.
गाडीवाला म्हणाला, 'पंचवीस घाला मामा,'
आणि त्याच दमात,
'तुमचे दोघं औंदा सावरगव्हाणकडून खेळणार.'
मी चाळीस घातली. टायर दगड झालं.

संध्याकाळी पंचनामा बसला.
गंगाधर टेलर, गळ्यात माप घेऊनच.
कुंडलिक, एस्टीतून रिटायर झाला तरी
अजून माणसं मोजल्याशिवाय न बोलणारा.
'गडी सात. दोन उतरले. राहिले पाच.'
'पाच कसे?' टेलर म्हणाला, 'उद्धव एकटा चार व्हता.
कर की वजा.'
कुंडलिकनं बोटं काढली,
मग ती खिशात घातली.

किती दिले असतील?
कुणी म्हणे बारा हजार नि बूट.
कुणी म्हणे जिनिंगवर हंगामभर काम.
शेवंताबाई भजी सोडता सोडता म्हणाली,
'आपुन काय दिलतं? नारळ.'
मग बराच वेळ नुसतं तेल बोललं.

नारळ, टॉवेल, टोपी.
आणि शिव्या, त्या मात्र सढळ हातानं.
गेल्या यात्रेत, फायनलला,
उद्धवचा बॉल जाळीत गेला तेव्हा
त्याच्या आईपर्यंत पोचलो होतो आम्ही.
ती तिथंच होती, बायकांच्या बाजूला,
पोत्यावर बसून शेंगा सोलत.
हे कुणी काढलं नाही.
मी काढणार होतो.
हातातल्या बॉलची शिलाई बघत बसलो.

'जब्बार तरी आपला कुठं व्हता?'
दत्तूचं पोरगं मधीच बोललं.
खरंच होतं. त्याला आम्हीच मानवतहून फोडला,
सरपंचाच्या जीपमध्ये, रात्री,
त्याची पेटी, त्याची बकरी, सगळ्यासकट.
त्या रात्री मानवतला
कुणाच्या दुकानात बसले असतील लोक?
'ते येगळं,' टेलर म्हणाला.
कसं वेगळं, ते त्याच्या मापात नव्हतं.

मॅच पाहायला जायचं नाही असं ठरलं.
सगळे गेले.

मी लाइनमन. दरसालची फक्की मीच मारतो,
काळ्या रानावर दोरी धरून, वाकून,
झेंडी म्हणजे टेलरनं दिलेलं अस्तराचं लाल चिंधूक.
उद्धवनं आमच्याकडं पाहिलं नाही.
पाहायची गरज नव्हती:
आमच्यात भोक कुठं आहे
हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?
जब्बारनं जाळीवरून बॉल उचलून दिला, हलका,
जसा पाच वर्षं आमच्यासाठी देत होता,
आणि मागून उद्धवच्या जोडल्या मुठी आल्या.

बॉल कोपऱ्यात पडला.
धूळ उडाली.
काळी असती तर बाहेर.
पांढरी होती.

अख्खं गाव माझ्या हाताकडं बघत होतं.
कुणीतरी मागून 'भाईर! भाईर!' सुरू केलं,
पण त्याच्या आधी, अगदी आधी,
कुंडलिकच्या तोंडून एक 'वा' निसटला होता.
तो मी ऐकला. त्यानंही ऐकला.
मी झेंडी खाली केली.

हरलो. नऊ पॉइंटांनी, किंवा अकरा,
आता त्यावर भांडण आहे.
मला चार दिवस कुणी चहा विचारला नाही.
पाचव्या दिवशी टेलर आला, मशीनचा पट्टा तुटला म्हणून,
पट्टा हातात तसाच धरून म्हणाला,
'पर बॉल काय मारला रे त्यानं.'

उधारीच्या वहीत उद्धवच्या नावावर
अजून पस्तीस रुपये आहेत. ब्लॅडर एक.
कुंडलिक म्हणतो, माणूस पाठव, वसूल कर.
शेवंताबाई म्हणते, खोडून टाक, तोंड कशाला बघायचं.
मी दोन्ही करत नाही.
वही नवी घेतली की
पहिल्या पानावर तेवढं उतरवून घेतो.